आधी नाव झाक

जुन्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात एक वाक्य फार कानावर येतं: "साहेब, जर्मन आहे." चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एखादा काळा रंग उडून पितळ उघडं पडलेला कॅमेरा नुसता हातात घ्या, विकणारा हे म्हणणारच. मास्तरांसमोर कुणी हे वाक्य उच्चारलं की ते मान वर न करता म्हणायचे, "जर्मन असेल तर सांगेल ना तो स्वतः. तू कशाला त्याची वकिली करतोस?"

मास्तर हे त्यांना बाजाराने दिलेलं नाव. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, स्वतः जेमतेम सातवीपर्यंत गेले होते. खरं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. फोर्टात बोरा बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर ते कॅमेरे दुरुस्त करत. ताठ उभं राहिलं तर डोकं तुळईला लागेल एवढीच उंची, एक टेबल, एक दिवा, आणि भिंतीला हळदीच्या, बाळंतकाढ्याच्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांची रांग. त्या डब्यांत पन्नास-साठ वर्षांचे स्क्रू होते. जुन्या रेंजफाइंडर लेन्स ओळखण्याचं जे काही थोडंफार मला येतं ते सगळं त्या पोटमाळ्यावरचं आहे, आणि त्याची एका पैशाचीही फी मास्तरांनी माझ्याकडून घेतली नाही.

माझा मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. १९५५ च्या करारानंतर रशियन मदतीने तो कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि पुढे बरीच वर्षं तिथे रशियन इंजिनियर राहात होते. मायदेशी परतणाऱ्या अशाच एकाकडून मामाने झोर्की-४ घेतला. घरातल्या मुंजी, बारशी, लग्नं सगळी त्यावरच निघाली. मामा गेल्यावर मामीने तो मला दिला, तोवर शटरचं कापड कडक होऊन त्याला बारीक भोकं पडली होती. बँकेतल्या एका सहकाऱ्याने मास्तरांचा पत्ता दिला आणि बजावलं, "माणूस फटकळ आहे, मनावर घेऊ नकोस."

मास्तरांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. लेन्स फिरवून काढली, पुढच्या कड्यावरचं नाव अंगठ्याने झाकलं आणि माझ्यापुढे धरली. "काय दिसतं?"

"लेन्स."

"ती तर खालच्या पानवाल्यालाही दिसेल. आत बघ." त्यांनी दिव्याखाली लेन्स हळूहळू कलती केली. काचेत दिव्याच्या छोट्या-छोट्या प्रतिमा हलायला लागल्या. काही झळझळीत, काही अगदी मंद. काही एका दिशेने सरकत होत्या, काही उलट. झळझळीत मोजायला सांगितल्या. सहा होत्या. "जिथे काच आणि हवा भेटते तिथे झळझळीत. जिथे काचेला काच चिकटवलीय तिथे मंद. सहा झळझळीत म्हणजे काचांचे तीन गट. त्या तीन गटांत भरपूर काच कोंबलेली आहे. पोट झोनारचं आहे." मग अंगठा काढला. खाली रशियन अक्षरांत लिहिलं होतं: जुपिटर-८. शेजारी रशियन लिपीतला लाल 'प', कोटिंगची खूण. मग नंबर, त्याचे पहिले दोन आकडे ६ आणि १. "एकसष्ट सालची. ह्या रशियन लेन्सची जन्मपत्रिका बहुतेक वेळा नंबरातच असते."

तेव्हापासून मी तिथे जायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर चढायचं आणि ते काम करत असताना गप्प बसायचं. बोललो तर हाकलतील ही भीती असायची. ते मात्र बोलत, आणि कामापेक्षा इतिहासच जास्त बोलत.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. वरच्या दोन खिडक्यांमधून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात. लेन्स फिरवली की तिची मागची कड आत एक दांडी ढकलते आणि एक प्रतिमा सरकते. दोन्ही एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. म्हणजे लेन्स आणि दांडी यांचा हिशेब जुळायला हवा. लायकाचा पहिला कॅमेरा १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत आला तेव्हा त्यात हे नव्हतं, अंतर अंदाजाने लावायचं. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर १९३२ च्या लायका-२ मध्ये आला. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने कॉन्टॅक्स काढला, आणि त्याच्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी झोनार ही लेन्स केली. एफ २ च्या लेन्समध्ये सहा काचा, एफ १.५ च्या लेन्समध्ये सात, पण दोन्हींत गट तीनच. त्या काळी कोटिंग नव्हतं. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरायचा आणि आत भटकून चित्र धुरकट करायचा. लायकाच्या 'सुमार' नावाच्या लेन्समध्येही काचा सहाच, पण गट चार, म्हणजे उघडे पृष्ठभाग आठ. झोनारचे फोटो खणखणीत का येत, ते दोन पृष्ठभागांच्या फरकावरून मास्तरांनी मला समजावलं होतं. पुढे १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी कोटिंग शोधलं आणि ही अडचण बरीच मिटली.

महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून रशियनांनी उचलून किएव्हच्या आर्सेनाल कारखान्यात नेली. १९४७ पासून तोच कॅमेरा 'किएव्ह' नावाने निघू लागला. झोनार मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला गेली आणि थोड्याच वर्षांत जुपिटर झाली. सुरुवातीच्या काही लेन्समध्ये तर काचही जर्मनीहून आणलेली होती. मी एकदा म्हणालो, म्हणजे ही चोरीच की. मास्तर उखडले. "चोरी कसली? वसुली आहे ती. शहरं जाळली होती त्यांची."

फेड कॅमेऱ्याची गोष्ट त्यांना सर्वांत प्रिय होती. ती ते दर नव्या गिऱ्हाईकाला सांगत, ऐकणाऱ्याला रस असो वा नसो. खार्किवला अनाथ आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांची एक वसाहत होती, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांची. फेलिक्स झेर्झिन्स्कीच्या नावाची, त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचं नाव फेड. त्या मुलांनी लायका-२ उघडून, मोजून, तसाच कॅमेरा केला आणि १९३४ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं. ज्या राज्यात झेर्झिन्स्की म्हणजे गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख, तिथे त्याच्या नावाने अनाथ पोरं कॅमेरे करतात, यातला विरोधाभास मास्तरांच्या लेखी गौण होता. त्यांना एवढंच महत्त्वाचं वाटे की मिसरूड न फुटलेल्या पोरांनी लेथवर लायकाचा आटा काढला. "मी त्या वयात काय करत होतो? एका घड्याळजीकडे काचा पुसत होतो," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागत.

नकलेबद्दल त्यांच्या मनात तुच्छता अजिबात नव्हती. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मन पेटंटं खुली केली, आणि इंग्लंडपासून जपानपर्यंत सगळ्यांनी लायकावर हात साफ केला. जपानी निक्कोरची ५ सेंटीमीटर एफ २ लेन्स झोनारच्याच घराण्यातली. डेव्हिड डग्लस डंकन या 'लाइफ'च्या छायाचित्रकाराने १९५० मध्ये निक्कोर लेन्स कोरियाच्या युद्धावर नेल्या आणि जपानी माल हिणकस असतो हा समज मोडायला सुरुवात झाली. जुन्या निक्कोरवरची अक्षरं वाचायलाही मास्तरांनीच शिकवलं: 'पी' म्हणजे पाच काचा, 'एच' म्हणजे सहा, 'एस' म्हणजे सात, पुढे 'सी' असेल तर कोटिंग. ह्या सगळ्या लेन्स स्वतःच्या नावाने बाजारात उभ्या राहिल्या. मास्तरांचा राग होता तो नाव घासून दुसऱ्याचं कोरणाऱ्यांवर.

असा माल मुंबईत कमी नव्हता. रशिया आणि पूर्व युरोपात कुणीतरी फेड आणि झोर्कीवरची नावं घासून 'लायका' कोरत होतं, वर गरुड, स्वस्तिक, कधी जर्मन हवाई दलाची खूण, कधी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची. काहींवर सोन्याचा मुलामा. एकदा एक गृहस्थ असाच सोनेरी कॅमेरा मखमलीत गुंडाळून घेऊन आले. लायकाने खरोखरच सोन्याचा मुलामा दिलेले कॅमेरे केले होते, १९२९ च्या सुमारास, शंभराच्या आत. गृहस्थांनी ते कुठेतरी वाचलं होतं. मास्तरांनी मखमल बाजूला केली आणि लांबूनच म्हणाले, "वर खिडक्या तीन आहेत. सोन्याचा लायका निघाला तेव्हा लायकाला रेंजफाइंडर नव्हता, त्याची लेन्सही निघत नसे. तुमची निघते का?" निघाली. मग मास्तरांनी कॅमेऱ्याच्या तोंडात टॉर्च मारली. लेन्स जिथे दांडी ढकलते तिथे लायकात एक बारीक गोल चाक असतं. फेड-झोर्कीत तिथे चपटं, टोकाला तिरकं घासलेलं बोट असतं. इथे बोट होतं. वरचं कोरीवकाम कितीही सुरेख असो, ते बोट सहसा कुणी बदलत बसत नाही.

गृहस्थ हट्टाला पेटले. कॅमेरा बदललेला असेल, पण लेन्स तर एल्मार आहे, नाव बघा, म्हणाले. मास्तरांनी मला खूण केली. मी कड्यावर अंगठा ठेवला.

पन्नास एमएमची एफ ३.५ एल्मार ही लायकाची पहिली प्रसिद्ध लेन्स. माक्स बेरेक यांनी केलेली, चार काचा, तीन गट. रशियन इंडस्टारमध्येही चार काचा, तीन गट. बाहेरून दोघीही सारख्याच: आत ढकलता येणारी नळी, अनंतावर अडकणारी तीच कळ, समोर नखाने फिरवायची तीच बारीक खुंटी. पण इंडस्टारचं आतलं चित्र झाइसच्या टेसारचं आहे. टेसारमध्ये डायफ्रामची पाती दुसऱ्या काचेच्या मागे असतात, एल्मारमध्ये पहिल्याच काचेच्या मागे. म्हणून छिद्र पूर्ण बारीक करायचं, १६ वर आणायचं, आणि समोरून टॉर्च धरायची. पाती मिटलेली असल्यामुळे त्यांच्या पुढ्यात जेवढ्या काचा आहेत तेवढ्यांचेच ठिपके ठळक दिसतात. एल्मार असेल तर दोन. इंडस्टार असेल तर चार. मी ठिपके मोजले आणि लेन्स गृहस्थांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः मोजले. नंतर मखमल घडी करून निघून गेले, चहा न घेता.

मला ही परीक्षा इतर कुठल्याही खुणेपेक्षा आवडते. नंबर खोटा टाकता येतो, अक्षरांचं वळण उचलता येतं, पण पाती एका काचेच्या मागून दुसऱ्या काचेच्या मागे न्यायची तर लेन्सच नवी करावी लागेल, आणि तेवढं कौशल्य असलेला माणूस नावं घासत का बसेल? बाकीच्या खुणा मास्तर संशयाला कारण म्हणून वापरत, पुरावा म्हणून नाही. युद्धापूर्वीच्या एल्मारवर छिद्राचे आकडे जुन्या पद्धतीचे असतात, ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८. त्या काळचा नंबर आणि शेजारी ५.६, ८, ११ असे आकडे दिसले की भुवई वर जायला हवी. युद्धाआधीच्या लेन्सवर निळसर-जांभळं कोटिंग दिसलं तर लगेच खोटी म्हणू नये, कारण जुन्या लेन्सना नंतर कोटिंग करून मिळत असे. हलकी लागली म्हणून रशियन म्हणू नये, कारण युद्धाच्या दिवसांत पितळेची चणचण होती आणि जर्मनांनीही ॲल्युमिनियम वापरलं.

त्यांच्याकडे येणारी सर्वांत अवघड वस्तू म्हणजे लायकाच्या आट्यातली झाइसची झोनार. अशा खऱ्या लेन्स युद्धकाळात थोड्या झाल्या होत्या, म्हणूनच खोट्यांचं पीक आलं. जुपिटर-३ किंवा जुपिटर-८ घ्यायची, कडं घासायचं, 'कार्ल झाइस येना' कोरायचं, लाल 'प'च्या जागी झाइसचा लाल 'टी' घालायचा. काच खरंच झोनारच्या घरची असल्यामुळे ठिपके मोजून इथे काहीच हाती लागत नाही. दादरच्या एक बाई नवऱ्याच्या माघारी अशीच एफ १.५ ची लेन्स घेऊन आल्या. एका दुकानदाराने ती डुप्लिकेट ठरवून किरकोळ भाव केला होता, आणि बाईंना वाटत होतं की तो फसवतोय.

मास्तरांनी लगेच काही सांगितलं नाही. लेन्स ठेवून घेतली. संध्याकाळी लायकाच्या मागे फिल्मच्या जागी दुधी काच लावली, मीटरभरावर वर्तमानपत्राचं पान टांगलं, रेंजफाइंडरमध्ये अक्षरं जुळवली आणि दुधी काचेवर भिंगाने पाहिलं. अक्षरं पुसट होती. लांबची खिडकी मात्र स्वच्छ दिसत होती. ह्याचं कारण हिशेबात आहे. लायकाची दांडी ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सचा हिशेब धरून केलेली, आणि रशियनांनी कॉन्टॅक्सचा ५२.४ चा हिशेब कायम ठेवला. लांबच्या वस्तूला फरक कळत नाही, जवळ आलं की फोकस सरकतो. लायकासाठी म्हणून झाइसने केलेली लेन्स असती तर असं व्हायला नको होतं. मी म्हटलं, झालं, रशियन. मास्तर म्हणाले, "थांब. मधे कुणी उघडून वॉशर बदलला असेल तर? एवढ्यावर फाशी देता येत नाही." मग व्हर्निअर कॅलिपरची टोकं घासून स्वतः बनवलेल्या पान्याने त्यांनी पुढचं कडं सोडवलं. कडं एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होतं. भिंगाखाली तिरक्या उजेडात जुन्या अक्षरांचे तळ दिसत होते.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. "म्हणजे ह्यांना फसवलं?"

"फसवलं. पण लेन्स चांगली आहे," मास्तर म्हणाले. यजमान गाण्याच्या मैफलींचे फोटो काढत, फ्लॅशशिवाय, हे बोलण्यात आलं तेव्हा मास्तरांनी एवढंच म्हटलं की त्या कामाला ह्याहून बरी लेन्स त्यांना ह्या पैशांत मिळाली नसती. दुकानदाराने केलेल्या भावाच्या दुपटीने त्यांनी ती एका किएव्ह-झोर्कीवेड्या मुलाला मिळवून दिली, जुपिटर म्हणून, आणि मधे काही ठेवलं नाही. विकणारा, घेणारा, दोघांनाही काय आहे ते माहीत होतं. असा सौदा त्या बाजारात दुर्मीळ.

मी त्यांच्यासाठी काय केलं, तर इंग्रजी वाचून दाखवलं. कुठून-कुठून जमवलेली दुरुस्तीची पुस्तकं त्यांच्याकडे होती, झेरॉक्सच्या झेरॉक्स. मी वाक्य वाचायचो, ते हातातला भाग फिरवायचे आणि मधेच म्हणायचे, "चूक लिहिलंय, पुढे वाच." पावसाळ्यात फंगस लागलेल्या लेन्सचा ढीग पडायचा तेव्हा काचा पुसायला मात्र त्यांनी मला कधी बसवलं नाही. तो विश्वास त्यांनी माझ्यावर टाकला नाही, आणि आता वाटतं की बरोबरच केलं. माझा हात थरथरतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं असणार.

त्यांच्यानंतर पोटमाळ्यावर कुरियरचं ऑफिस आलं. डबे मुलाने गावी नेले. दुरुस्ती मला येत नाही, ती विद्या त्यांच्याबरोबर गेली. ओळखायचं तेवढं माझ्याकडे राहिलं, म्हणून ओळखीच्यांकडे, त्यांच्या ओळखीच्यांकडे जुना कॅमेरा निघाला की तो माझ्याकडे येतो. मी पाहून सांगतो. पैसे घेत नाही, कारण ते माझे नाहीत.

वाचणाऱ्यांच्या घरात असा एखादा कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर असण्याची शक्यता बरीच आहे. तो काढा, पण लेन्स रुमालाने पुसू नका. लायकाच्या जुन्या 'सुमार' लेन्सची पुढची काच इतकी मऊ असते की रुमालाने तिच्यावर कायमचे ओरखडे पडतात. हवा मारून धूळ उडवा, तेवढं पुरे. चामडी पिशवीत बंद ठेवू नका, पावसाळ्यात तिथेच फंगस धरतो. झोर्की असेल तर शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नका. विकायला नेण्याआधी नाव झाकून टॉर्चने आत बघा, ठिपके मोजा, कॅमेऱ्याच्या तोंडात चाक आहे की बोट ते पाहा. आणि नावाखाली दुसरंच कुणी निघालं तर भंगारात घालू नका. ३५ एमएमचा रोल अजून मिळतो.